खाऱ्या पाण्याचा फिश टँक: मासा आणण्याआधीचे सहा आठवडे



परीक्षा संपल्या की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "मुलाला निमो पाहिजे. घरी ठेवता येतो का हो?" २००३ साली 'फाइंडिंग निमो' आला, त्याला आता वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. तो चित्रपट लहानपणी पाहिलेली मुलं आता स्वतः पालक झाली आहेत, तरी प्रश्न तोच आहे. उत्तर असं आहे की निमो, म्हणजे क्लाउनफिश, घरी ठेवता येतो आणि नीट ठेवला तर अनेक वर्षं जगतो. पण तो ज्या दिवशी घरी येतो, त्याच्या निदान दीड महिना आधी काम सुरू करावं लागतं. त्या दीड महिन्यात टाकीत मासा नसतो. फक्त पाणी, दगड आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात.

हा रिकामा काळ मुलांना कंटाळवाणा वाटतो, पालकांना वायफळ वाटतो आणि दुकानदाराला परवडत नाही. म्हणून तो गाळला जातो. आज टाकी, आजच पाणी, आजच मासे. मग आठवड्याभरात मासे तळाशी आडवे होतात आणि मूल विचारतं, "आपण काय केलं?" आजच्या लेखात आपण हा रिकामा काळच जरा सविस्तर पाहूया. शिकवण्याच्या दृष्टीने सगळ्यात जास्त माल त्यातच आहे.

आधी थोडा इतिहास. मुलांना गोष्ट सांगितली की पुढचं शास्त्र गळी उतरतं. १८४६ साली इंग्लंडमधल्या ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावातून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. लंडनला समुद्र नाही. दर वेळी ताजं समुद्रपाणी आणवणं अवघड, म्हणून त्यांनी एक उपाय काढला. घरातली मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, आपण चहा गार करताना ओततो तसं. त्याने पाण्यात हवा मिसळायची. पुढे त्यांनी भांड्यात समुद्री शेवाळ ठेवलं. असे ते प्रवाळ जवळजवळ तीन वर्षं टिकले. आज आपण पंप, फिल्टर आणि दिवे विकत आणतो, पण त्या मोलकरणीचे हात आणि ते शेवाळ जे काम करत होते, तेच काम ही यंत्रं करतात. वर्गात हा प्रसंग सांगून थांबा आणि विचारा, "पाणी ओतल्याने नेमकं काय झालं असेल?" उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

टाकी केवढी घ्यायची?

पहिल्यांदाच करताय म्हणून छोटी घेऊ, असं सगळ्यांना वाटतं. गोड्या पाण्यातसुद्धा हे फारसं बरोबर नाही, खाऱ्या पाण्यात तर उलटच आहे. पाणी जितकं कमी, तितके त्यातले बदल झपाट्याने होतात. वाटीतला चहा लगेच गार होतो, पातेल्यातला तासभर कोमट राहतो, तसंच. एक मेलेली गोगलगाय वीस लिटर पाणी नासवू शकते, दीडशे लिटरमध्ये ती पचून जाते.

आपण ९० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि ४५ सेंमी उंच टाकी धरू. पाचवी-सहावीच्या मुलांना घनफळ काढायला लावा. १,८२,२५० घन सेंमी, म्हणजे साधारण १८२ लिटर. वरची जागा सोडली, दगडांनी व्यापलेली जागा वजा केली, की प्रत्यक्ष पाणी दीडशे लिटरच्या आसपास राहतं. आता वजन काढा. खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड, लिटरला सुमारे १ किलो २५ ग्रॅम. १० मिलिमीटर जाडीच्या काचेचंच वजन चाळीस किलोच्या घरात जातं. दगड आणि स्टँड धरला तर सगळं मिळून अडीचशे किलोच्या जवळपास होतं. म्हणजे चार धडधाकट माणसं एका कोपऱ्यात कायमची उभी आहेत, असं समजा. टीव्हीच्या युनिटवर किंवा प्लायवुडच्या टेबलावर हा संसार मांडता येत नाही. लोखंडी स्टँड घ्या, भिंतीलगत ठेवा, खाली लेव्हल तपासा. खिडकीचं थेट ऊन टाकीवर पडत असेल तर जागा बदला, कारण उन्हाने पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

विजेच्या बाबतीत मी जरा कडक बोलणार आहे. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. शिवाय शिंतोडे वाळले की सगळीकडे मिठाचा पांढरा थर चढतो, अगदी प्लगपर्यंत. म्हणून प्रत्येक वायर आधी खाली लोंबू द्या आणि मग वर प्लगकडे न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. घरात अर्थिंग आणि आरसीसीबी नसेल तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, टाकी नंतर. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटणं बंद. हा नियम मुलांसाठी आहे आणि मोठ्यांसाठीही.

पाणी 'बनवायचं' असतं

"आपण मुंबईला राहतो, समुद्र समोर आहे, दोन कॅन भरून आणू की!" हा विचार प्रत्येक घरात एकदा तरी येतो. शहराच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो. पावसाळ्यात नद्या आणि खाड्यांचं गोडं पाणी मिसळून क्षारता खाली येते. आज आणलेलं पाणी आणि पुढच्या महिन्यात आणलेलं पाणी एकसारखं नसतं. म्हणून घरी पाणी तयार करणं सोपं आणि भरवशाचं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. मग स्वयंपाकघरातलं मीठ ३५ ग्रॅम टाकलं तर? मुलं हे विचारतातच, आणि विचारलं पाहिजे. त्या ३५ ग्रॅमपैकी सोडियम आणि क्लोराइडचा वाटा ३० ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या पाच ग्रॅमात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट अशी मंडळी असतात. पाण्याचा पीएच स्थिर ठेवणं, शिंपल्यांना आणि प्रवाळांना कवच बांधायला माल पुरवणं, ही कामं त्या पाच ग्रॅमात आहेत. शिवाय घरच्या मिठात आयोडीन आणि गाठी न होण्यासाठी घातलेले पदार्थ असतात. तेव्हा मत्स्यालयासाठी मिळणारं 'मरीन सॉल्ट' घ्यायचं. दीडशे लिटरला ३५ ग्रॅमप्रमाणे सव्वापाच किलो, आणि ते मीठ थोडी ओल धरून असतं म्हणून प्रत्यक्षात जरा जास्तच लागतं.

हे मीठ नळाच्या पाण्यात घालू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि बोअरच्या पाण्यात नायट्रेटसारखे नको ते क्षार. आरओचं पाणी चालतं, पण एक खुबी लक्षात ठेवा. घरच्या आरओत बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतो. पिण्याला ते ठीक. टाकीसाठी टीडीएस मीटरवर आकडा शक्य तितका शून्याजवळ हवा. मीटर छोटं पेनासारखं असतं, महाग नसतं आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असावंच असं मला वाटतं.

पाणी वेगळ्या स्वच्छ ड्रममध्ये बनवा. आधी पाणी, मग त्यात मीठ, उलटं नाही. एक पंप सोडून रात्रभर फिरू द्या. सकाळी क्षारता मोजा. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर मिळतो: काचेवर दोन थेंब टाकायचे, डोळ्याला लावायचा आणि रेषा वाचायची. सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६ आली की झालं. खाऱ्या पाण्यात प्रकाश किती वाकतो यावरून हे यंत्र क्षारता सांगतं, म्हणजे अपवर्तनाचा धडा हातात आला.

आणि आता माझा सगळ्यात आवडता प्रश्न, जो सातवीपासून कोणत्याही वर्गाला टाकता येतो. टाकीतलं पाणी आठवड्याला सहा लिटरने कमी होतं. ते भरून काढायला खारं पाणी घालायचं की गोडं? निम्म्याहून जास्त मुलं म्हणतात, "खारं, कारण टाकी खारी आहे." त्यांना उरण-पेणकडची मिठागरं आठवायला सांगा. तिथं समुद्राचं पाणी उन्हात उडून जातं, मीठ जमिनीवरच राहतं. टाकीतही फक्त पाणीच उडतं. दीडशे लिटरमध्ये ५,२५० ग्रॅम क्षार आहेत. दर आठवड्याला सहा लिटर खारं पाणी घातलं तर दर खेपेस २१० ग्रॅम क्षार वाढतील. आठ आठवड्यांनी लिटरला ३५ चे ४६ ग्रॅम होतील आणि तोवर मासे गेलेले असतील. म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची, आरओच्याच. शक्यतो रोज थोडी थोडी.

आतली मांडणी आणि वरची यंत्रं

टाकीत दगड हवेत. ते शोभेसाठी वाटतात, पण खरं तर ते जिवाणूंची चाळ असतात. दगड जितका सच्छिद्र, तितक्या खोल्या जास्त. परदेशात यासाठी 'लाइव्ह रॉक' म्हणून प्रवाळखडकाचे तुकडे वापरण्याची पद्धत रुळली. आपल्याकडे समुद्रातून काढलेला प्रवाळखडक घेऊच नका, कारण पुढे सांगतो. सिरॅमिकचे किंवा मुद्दाम तयार केलेले कोरडे सच्छिद्र दगड मिळतात, ते पुरतात. तळाला वाळू नसली तरी चालतं. हवीच असेल तर पाकिटातली ॲरागोनाइट वाळू घ्या, चौपाटीवरची नको.

पाणी सतत हललं पाहिजे. दोन छोटे फ्लो पंप समोरासमोर लावले की लाटेसारखा प्रवाह मिळतो. तिसरं यंत्र प्रोटीन स्किमर. पावसाळ्यात किनाऱ्यावर पिवळसर फेस साचलेला तुम्ही पाहिला असेल. समुद्रातले सेंद्रिय पदार्थ हवेच्या बुडबुड्यांना चिकटून तो फेस होतो. स्किमर एका नळकांड्यात तसेच बारीक बुडबुडे सोडतो आणि घाण वरच्या कपात गोळा होते. कप रिकामा करताना जो वास येतो, त्यावरून यंत्र चालतंय की नाही ते कळतं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात आणि टिकतात, म्हणून हे यंत्र खाऱ्यातच नीट चालतं, गोड्यात जवळजवळ निरुपयोगी.

तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस हवं. आपल्या हवेत हीच खरी कसोटी. थंडीत हीटर क्वचित लागतो, उन्हाळ्यात मात्र पाणी तिशीच्या वर सहज जातं. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा मारला तर बाष्पीभवनाने दोनेक अंश खाली येतात, माठाचंच तत्त्व. विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी असल्याने हा उपाय बरा चालतो. कोकणात आणि मुंबईत हवाच दमट, त्यामुळे कूलर जसा तिथं फुकट जातो तसा पंखाही. तिथं चिलर लागतो आणि बजेट तिथंच कोसळतं. टाकी घेण्याआधी हे गणित करा: समजा स्किमर आणि पंप मिळून ३५ वॉट, चोवीस तास. दिवा ८० वॉट, आठ तास. चिलर २५० वॉट, दिवसात एकूण आठ तास. रोजची साडेतीन युनिटं, महिन्याची शंभरच्या वर. हे आकडे तुमच्या यंत्रांवर छापलेले असतात, ते घालून मुलाला हिशेब करू द्या आणि तो कागद घरच्या कर्त्या माणसापुढे ठेवू द्या. कधी कधी प्रश्न तिथंच मिटतो, आणि तेही बरंच.

वीज गेली तर? भारनियमनाचे दिवस आपल्याला माहीत आहेत. पंप थांबला की पाण्यातला ऑक्सिजन उतरायला लागतो आणि पाणी गरम असेल तर आणखी लवकर, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, किंवा निदान एक फ्लो पंप इन्व्हर्टरवर घ्या.

रिकामी टाकी, भरलेली वही

आता मुख्य भाग. पाणी भरलं, दगड रचले, पंप सुरू झाले, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय. मूल मासा मागतंय. इथं थांबायचं.

माशाच्या शरीरातून, मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य कुजलं की आणखी. समुद्रात तो अफाट पाण्यात विरतो, टाकीत साचतो. अमोनिया कल्ले जाळतो. पाण्याचा पीएच जितका जास्त तितका तो जहाल होतो, आणि समुद्रपाण्याचा पीएच ८ च्या वर असतो. म्हणजे गोड्या टाकीत मासा ज्या अमोनियात कसाबसा तग धरेल, त्यात इथं मरेल. स्वच्छ दिसणारं पाणी आणि सुरक्षित पाणी यातला हा फरक डोळ्यांना दिसत नाही, मोजावाच लागतो.

पाठ्यपुस्तकात नायट्रोजन चक्राची बाणांची आकृती असते. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि विसरतात. टाकीत ते चक्र प्रत्यक्ष फिरताना मोजता येतं. एक प्रकारचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना घातक, नायट्रेट बरंच सौम्य. हे जिवाणू नव्या टाकीत जवळजवळ नसतात. त्यांना वाढवायचं असेल तर आधी जेवण वाढावं लागतं.

सोपा मार्ग म्हणजे बाजारातून एक सोललेली कोळंबी आणायची, जाळीच्या पिशवीत बांधायची आणि टाकीत सोडायची. घरात शाकाहार असेल तर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजतं, अमोनिया तयार होतो. थेंबांचं टेस्ट किट घ्या: नळीत टाकीचं पाणी, त्यात ठरलेले थेंब, आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट अशा तीन नोंदी वहीत. आलेख कागदावर आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर प्रमाण, तीन रंगांच्या तीन रेषा.

पहिल्या आठवड्यात अमोनियाची रेषा चढते. अमोनिया दोनेक पीपीएम झाला की कोळंबी काढून टाका, घरात वास नको. मग बरेच दिवस काहीच होत नाही. याच टप्प्यावर मोठ्यांचा धीर सुटतो, मुलांचा नाही, हे मी वर्गात पाहिलं आहे. मुलांना रोज रंग बघायला मिळाला की ती खूश असतात. मग एके दिवशी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइटची रेषा उठते. ही रेषा उतरायला सगळ्यात जास्त वेळ घेते. असं का, हे मुलांकडून काढून घ्या. दुसऱ्या पंगतीच्या जिवाणूंचं अन्न म्हणजे नायट्राइट. पहिल्या पंगतीने ते तयार केल्याशिवाय दुसरी बसूच शकत नाही. शेवटी नायट्राइटही शून्यावर येतं आणि नायट्रेट तेवढं चढत राहतं.

या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. बाटलीतले तयार जिवाणू घातले तर काळ कमी होतो, पण मोजणं सुटत नाही. टाकी तयार झाली का, याची परीक्षा अशी: पुन्हा दोन पीपीएम अमोनिया होईल इतकं खाद्य किंवा दुकानात मिळणारं अमोनियाचं द्रावण घाला. अमोनिया तयार झाल्यापासून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी पास. एकदा बरंचसं पाणी बदलून नायट्रेट उतरवा आणि मग मासा.

हे जिवाणू पाण्यात कमी आणि दगडांवर, काचेवर, फिल्टरमध्ये चिकटून जास्त असतात. म्हणून पाणी बदललं तर ते जात नाहीत. मात्र एखाद्या रविवारी घरातल्या कुणी हौसेने दगड नळाखाली घासून लख्ख केले, तर क्लोरीनने सहा आठवड्यांचं काम दहा मिनिटांत संपतं. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. तसंच महिन्या-दोन महिन्यांनी काचेवर तपकिरी, मग हिरवा थर येईल. तो आजार नाही, ते शेवाळांचं ठरलेलं येणं-जाणं आहे.

एक सूचना. काही दुकानात सांगतात, "दोन स्वस्तातले डॅमसेल मासे सोडा, ते पाणी तयार करतात." म्हणजे त्या माशांचे कल्ले जाळून चक्र सुरू करायचं. कोळंबीने होणारं काम जिवंत माशाकडून करून घेऊ नका, विशेषतः मूल बघत असताना. शिवाय डॅमसेल वाचले तर पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला टोचून हैराण करतात.

आता निमो

क्लाउनफिश नवख्यांसाठी खरंच चांगला. दीडशे लिटरमध्ये एक जोडी मजेत राहते, गोळी खाद्य खाते. त्याला समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, लागतंच असं नाही. समुद्रफूल सांभाळणं माशापेक्षा कितीतरी कठीण, पहिल्या वर्षी तो विषय काढूच नका. मुख्य म्हणजे क्लाउनफिशची पैदास बंदिस्त पाण्यात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात हे तंत्र विकसित केलं आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठाननेही अशा माशांची हॅचरी उभारली आहे. दुकानात विचारा, "हॅचरीचा आहे की समुद्रातला?" उत्तर टाळलं तर दुसरं दुकान बघा. आग्नेय आशियात शोभेचे मासे पकडायला खडकांच्या फटीत सायनाइड फवारण्याची वाईट पद्धत वापरली गेली आहे. त्यात मासा गुंगतो आणि भोवतालचे प्रवाळ मरतात. असा मासा दुकानात टवटवीत दिसू शकतो आणि घरी येऊन काही दिवसांत जातो.

डोरी, म्हणजे निळा टँग, मुलं मागणारच. तो फूटभर वाढतो आणि समुद्रात दिवसभर पोहणारा मासा आहे. आपल्या टाकीत तो म्हणजे वन रूम किचनमध्ये घोडा. नाही म्हणा आणि का ते सांगा.

क्लाउनफिशबद्दल मुलांना एक गंमत जरूर सांगा. ही सगळी पिल्लं आधी नर असतात. गटातली सगळ्यात मोठी असते ती मादी. मादी गेली तर तिचा नर जोडीदार मादी होतो. चित्रपटात निमोची आई पहिल्याच प्रसंगात जाते. पुढे खऱ्या समुद्रात निमोच्या बाबांचं काय झालं असतं, हे आठवी-नववीची मुलं स्वतःच काढतात आणि वर्ग हसून लोळतो.

नवा मासा थेट मुख्य टाकीत नको. वेगळ्या साध्या टाकीत तीन-चार आठवडे ठेवा, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग उमटायचा तर तिथं उमटतो. एकूण तीन-चार लहान मासे, त्यापुढे थांबा.

आणि प्रवाळ?

प्रवाळ म्हणजे झाड किंवा दगड नव्हे, प्राणी. एकेक पॉलिप तांदळाच्या दाण्याएवढा, कधी थोडा मोठा. तो पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन खाली चुनखडीचं घर बांधतो. त्याच्या पेशीत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ भाड्याने राहतं. ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि बहुतेक अन्न घरमालकाला देतं. म्हणून प्रवाळाच्या टाकीला तीव्र, निळसर प्रकाश लागतो. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा अंशभर जरी जास्त तापलं, तरी हा भाडेकरू निघून जातो आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ साली लक्षद्वीपमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं, २०२४ मध्ये जगभर घडत होतं. घरच्या टाकीत तेच व्हायला एक बंद पडलेला चिलर पुरतो.

भारतात राहणाऱ्या पालकांनी कायदा नीट समजून घ्यावा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमध्ये २००१ साली सगळे कठीण, खडक बांधणारे प्रवाळ आले. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखेही आले. ज्या यादीत वाघ आहे, तीच ही यादी. समुद्रघोडाही त्याच वर्षी संरक्षित झाला. म्हणजे समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक' किंवा शोकेसमध्ये ठेवायला आणलेलं पांढरं प्रवाळ हा गुन्ह्याचा विषय होऊ शकतो. दुकानात मिळतं म्हणून कायदेशीर असतं असं नाही. मऊ प्रवाळांपैकी काहींची नावं त्या यादीत नाहीत, तरी त्यांचा उगम सांगणारं पक्कं बिल नसेल तर हात लावू नका. शाळेच्या टाकीत तर प्रवाळ नकोच, हे माझं स्पष्ट मत.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. झोअँथिड नावाचे रंगीत बटणांसारखे मऊ जीव 'सोपे' म्हणून विकले जातात. त्यांच्यापैकी काहींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असतं. असा दगड ब्रशने घासल्यामुळे किंवा त्यावर उकळतं पाणी ओतल्यामुळे वाफेतून आख्खं कुटुंब आजारी पडल्याच्या घटना परदेशात घडलेल्या आहेत. हातमोजे, चष्मा आणि लहान मुलं लांब, याशिवाय त्यांना हाताळायचं नाही.

अमेरिकेत, युरोपात राहणारे आपले मराठी वाचक यावर म्हणतील की आमच्याकडे तर टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे छोटे तुकडे, 'फ्रॅग', रीतसर मिळतात. खरं आहे, तिथले नियम पाहून घ्या. मात्र टाकी सहा महिने तरी मुरू द्या. क्षारता रोज स्थिर, अल्कलिनिटी ८ ते १२ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, आणि दर आठवड्याला तपासणी. प्रवाळ वाढतो म्हणजे पाण्यातला माल संपतो, तो परत घालावा लागतो. पहिला फ्रॅग मऊ प्रवाळाचा घ्या.

आणि इथल्या मुलांना जिवंत प्रवाळ पाहायचा असेल तर गुजरातेत जामनगरजवळच्या नराऱ्याला घेऊन जा. सागरी राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग ओहोटीला उघडा पडतो आणि वाटाड्यासोबत गुडघाभर पाण्यातून चालत प्रवाळ पाहता येतात. आपल्याकडे मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झालं. तिथंही पाण्याखाली प्रवाळ आहेत.

रोजचं काम, आणि दिवाळीची सुट्टी

टाकी स्थिरावली की रोजचं काम दहा मिनिटांचं असतं: तापमान बघणं, गोडं पाणी भरणं, मासे मोजणं, दोन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य. आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचं, तयार केलेल्या खाऱ्या पाण्यानेच. ही कामं मुलाच्या नावावर लिहा, पण पंधरा लिटरची बादली तुम्हीच उचला.

सुट्टीत गावी जाताना शेजाऱ्यांना किल्ली देतो, तेव्हा खरा धोका उपासमारीचा नसतो. धडधाकट मोठा मासा चार दिवस न खाता सहज राहतो. धोका असतो तो शेजारच्या काकूंच्या मायेचा. "बिचारे उपाशी दिसले, म्हणून दोनदा घातलं," असं म्हणत त्या मूठभर खाद्य टाकतात आणि तिसऱ्या दिवशी अमोनिया वर. म्हणून खाद्याच्या चिमूटभराच्या कागदी पुड्या बांधा, दिवसाआड एक. प्रत्येकीवर तारीख घाला. गोड्या पाण्याची बाटली कुठल्या रेषेपर्यंत ओतायची, ती रेषा काचेवर मार्करने काढा. वीज गेली तर कोणतं बटण दाबायचं, ते चिठ्ठीवर लिहून टाकीला चिकटवा. खाद्याचा मोठा डबा मात्र कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि किल्ली सोबत न्या.